ई५चं प्यादं : स्पॅनिश सुरुवात समजून घेताना



आज आपण बुद्धिबळाच्या पटावरच्या मोजून पाच चालींविषयी बोलणार आहोत. तीन पांढऱ्याच्या, दोन काळ्याच्या. पट जवळ असेल तर मांडून घ्या, मोबाइलवरचा चालेल. नसेल तर मी सांगतो तसं डोळ्यांसमोर आणा.

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, ई४. काळ्यानंही तेच केलं, ई५. दोन प्यादी एकमेकांचा रस्ता अडवून उभी राहिली. पांढऱ्यानं घोडा एफ३ वर आणला. त्याचा डोळा ई५च्या प्याद्यावर आहे. काळ्यानं आपला घोडा सी६ वर आणून त्या प्याद्याला जोर दिला. आणि तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा उंट तिरका निघून थेट बी५ वर येऊन बसला. प्याद्याला सोडून तो प्याद्याच्या राखणदारावर रोखून बसला.

झाली स्पॅनिश सुरुवात. दुसरं नाव रुय लोपेझ. हे स्पेनमधले एक धर्मगुरू, साफ्रा गावचे. १५६१ साली त्यांनी बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या आधी, १५१२ मध्ये, दामियानो नावाच्या पोर्तुगीज लेखकानं सांगून ठेवलं होतं की ई५चं प्यादं राखायला घोडा सी६ हीच उत्तम चाल. लोपेझ म्हणाले, ते काही खरं नाही, उंट बी५ वर आणला की त्या घोड्याला चैन पडणार नाही. ही चाल लोपेझच्याही आधीची आहे, १५व्या शतकाच्या अखेरच्या एका हस्तलिखितात ती सापडते. पण वाद त्यांनी घातला, म्हणून नाव त्यांचं लागलं. त्या काळच्या स्पॅनिश पुस्तकांत असाही एक सल्ला सापडतो की पट असा ठेवावा, ऊन समोरच्याच्या डोळ्यांवर आलं पाहिजे! हे वाचून मला हसू आलं, पण पायदळातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा, पाठीशी सूर्य घेऊन पुढे जाण्याचं महत्त्व तो सांगेल.

तर तो वाद सुरू होऊन साडेचारशेहून अधिक वर्षं झाली. काळ्यानं काय करावं, ह्याचं एकच असं उत्तर अजून कुणाला देता आलेलं नाही. वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं आली, आणि त्या उत्तरांनाच आपण प्रकार म्हणतो. मार्शल, बर्लिन, ब्रेयर, झायत्सेव्ह अशी नावं ऐकली की नवशिक्याला वाटतं, बाप रे, केवढं पाठ करायचं! पाठ करायचं नाहीये. प्रश्न एकच आहे, तो कळला की उत्तरं आपोआप रांगेत उभी राहतात. एवढंच मला आज दाखवायचं आहे.

हे सांगावंसं का वाटलं, तेही सांगतो. निवृत्तीनंतर मी रविवारी आमच्या वसाहतीतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. हुशार आहे, मेहनती आहे. ऑनलाइन शिकवणी लावून तिनं स्पॅनिशचा एक प्रकार अठराव्या चालीपर्यंत तोंडपाठ केला होता. एका स्पर्धेत समोरच्या मुलानं चौथ्या चालीलाच उंटानं घोडा मारला. तिच्या अठरा चालींतल्या पंधरा तिथेच वाया गेल्या. पुढची वीस मिनिटं ती पटाकडे बघत बसली आणि मग घाईघाईत हरली. बाहेर येऊन मला म्हणाली, "आजोबा, त्यानं चुकीचं खेळलं, मग मी का हरले?"

त्यानं चुकीचं खेळलं नव्हतं, हे पुढे बघूच. पण तिचा प्रश्न मोलाचा आहे. हल्ली घराघरांत संगणक आहे, तो क्षणात सांगतो की कुठली चाल चांगली. का चांगली, ते मात्र सांगत नाही. सैन्यात कुठलीही योजना आखण्याआधी परिस्थितीचा अंदाज लिहून काढायला शिकवतात. हेतू काय, जमीन कशी, वेळ किती, आपल्यापुढे पर्याय कोणते आणि शत्रूपुढे कोणते. नकाशावर बाण काढायचे ते ह्या सगळ्यानंतर. आमच्या मुलीला थेट बाण दिले होते. जमीन कुणी दाखवलीच नव्हती.

तर आधी जमीन पाहू.

तिसऱ्या चालीनंतर नवशिका काळा घाबरतो. उंट माझा घोडा मारणार, मग ई५चं प्यादं उघडं पडणार, ते त्यांचा घोडा खाणार. बघू, खरंच पडतं का. समजा काळ्यानं तिसऱ्या चालीला प्यादं ए६ वर सरकवून उंटाला विचारलं, "काय रे, जाणार की मारणार?" पांढऱ्यानं घोडा मारला. काळ्यानं डी-प्याद्यानं उंट मारला. आता पांढऱ्याचा घोडा ई५चं प्यादं खातो. इथे काळा वजीर डी४ वर आणून ठेवतो. वजिराचा मारा एकाच वेळी ई५च्या घोड्यावर आणि ई४च्या प्याद्यावर. घोडा परत गेला की वजीर शह देत ई४चं प्यादं उचलतो. हिशेब बरोबरीत!

म्हणजे उंट बी५ वर आला तेव्हा धमकी नव्हतीच. मग काय होतं? दाब होता. धमकी म्हणजे पुढच्याच चालीला काहीतरी पडणार. दाब म्हणजे आज काही पडणार नाही, पण आजपासून तुला प्रत्येक चाल खेळण्याआधी ह्या प्याद्याचा विचार करावा लागेल. काळ्याला वाचवलं कशानं? ई४च्या प्याद्याला जोर नव्हता, म्हणून. ज्या क्षणी पांढरा ई४ला जोर देईल, हत्ती ई१ वर आणून किंवा प्यादं डी३ वर ठेवून, त्या क्षणी दाबाची धमकी होईल. स्पॅनिशचं सगळं शास्त्र ह्या एका वाक्यात आहे. पांढरा सवडीनं दाब वाढवत नेतो, आणि काळ्याला ठरवायचं असतं की ई५चं हे ठाणं कसं सांभाळायचं, की सोडायचं, आणि सोडायचं तर काय घेऊन.

सर्वांत जुनं आणि भारदस्त उत्तर म्हणजे ठाणं राखायचं. ह्याला बंद स्पॅनिश म्हणतात. तिसरी चाल ए६, उंट ए४ वर मागे. काळ्याचा घोडा एफ६ वर, पांढऱ्याचा किल्लेकोट. काळ्याचा उंट ई७, पांढऱ्याचा हत्ती ई१. आता ई४ला जोर मिळाला, म्हणजे सी६चा घोडा मारून ई५ खाण्याची धमकी खरी झाली. म्हणूनच काळा इथे प्यादं बी५ वर टाकून उंटाला हाकलतो. ही चाल पाठ करायची गरजच नाही, कारण समजलं की हात तिकडेच जातो. उंट बी३ वर गेला, काळ्यानं प्यादं डी६ वर ठेवून ई५ला पक्का आधार दिला. पांढरा प्यादं सी३ वर ठेवतो, त्यात दोन कामं होतात. पुढे डी४ टाकायला पाया होतो आणि उंटाला सी२ हे घर रिकामं होतं. काळा किल्लेकोट करतो. आणि मग पांढरा एक चमत्कारिक वाटणारी चाल खेळतो, प्यादं एच३.

मुलं नेहमी विचारतात, इथे एक चाल फुकट का घालवली? फुकट नाही घालवली. लगेच डी४ टाकलं तर काळ्याचा उंट जी४ वर येऊन एफ३चा घोडा बांधून टाकतो, आणि तो घोडाच तर डी४ला आधार देतोय. एच३ म्हणजे मोठी हालचाल करण्याआधी वाटेतली एक टेकडी ताब्यात घेणं.

ह्या ठिकाणी, नवव्या चालीला, काळ्यापुढे तीन नामांकित रस्ते फुटतात. ठाणं राखायचं हे ठरलंय, पण कुठल्या मोहऱ्यानं?

पहिला रस्ता चिगोरिनचा. हे १९व्या शतकातले मोठे रशियन खेळाडू. घोडा ए५ वर नेऊन बी३च्या उंटाला सी२ वर पळवायचं, मग प्यादं सी५, वजीर सी७. ई५ला आता प्याद्याचा आणि वजिराचा, असा दुहेरी आधार झाला, शिवाय वजिराच्या बाजूला जागा मिळाली. किंमत एकच, घोडा पटाच्या कडेला जाऊन बसला. तो परत कामाला कधी लागणार, ही पुढच्या दहा चालींची चिंता.

दुसरा रस्ता हंगेरीच्या ग्युला ब्रेयरच्या नावाचा, आणि माझा सर्वांत आवडता. नवव्या चालीला काळा सी६चा घोडा उचलून परत बी८ वर, जिथून निघाला त्याच घरात ठेवतो! पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस थकला. पण पुढच्या चालीला तोच घोडा डी७ वर येतो. तिथून तो ई५ला मागून आधार देतो, सी-प्याद्याची वाट मोकळी करतो, आणि बी७ वर येणाऱ्या उंटाचा कर्ण उघडा ठेवतो. एका माघारीत तीन कामं. दोन चाली खर्च झाल्या, पण मधली दार बंद असल्यामुळे पांढऱ्याला त्याचा लगेच फायदा उठवता येत नाही. पट उघडा असता तर हीच चाल आत्मघात ठरली असती. स्पास्कीनं हा प्रकार आवडीनं खेळला. १९७२ च्या रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत दहाव्या डावात तो फिशरविरुद्ध हाच खेळला आणि फिशर जिंकला. वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, दोघे पुन्हा समोरासमोर बसले तेव्हा पहिल्याच डावात पुन्हा ब्रेयर, आणि पुन्हा फिशर. दोन्ही वेळा जिंकला पांढरा, तरी प्रकार मेला नाही. आजही अव्वल खेळाडू तो खेळतात, कारण पाया पक्का आहे.

तिसरा रस्ता झायत्सेव्हचा. इगोर झायत्सेव्ह हे कार्पोवचे प्रशिक्षक. काळा उंट बी७ वर आणि हत्ती ई८ वर आणून उलट ई४वरच दाब टाकतो. फारच छान, पण हत्ती एफ८ वरून हलला की एफ७चं घर उघडं पडतं. पांढऱ्याचा घोडा लगेच जी५ वर येतो. हत्तीला परत एफ८ वर जावं लागतं. घोडा परत एफ३ वर. आता काळ्यानं पुन्हा हत्ती ई८ वर नेला तर पुन्हा घोडा जी५. पांढऱ्याला हवी असेल तर अशी पुनरावृत्ती करून बरोबरी त्याच्या खिशात असते. म्हणून जिंकणं भागच असेल त्या दिवशी काळ्यानं हा प्रकार जपूनच निवडावा. हे पुस्तकातल्या चालींच्या यादीत दिसत नाही, समजून घ्यावं लागतं.

बंद स्पॅनिशमध्ये पांढऱ्यानं काय करायचं? डी४ टाकल्यावर त्याच्यापुढे तीन पर्याय असतात. ई५चं प्यादं मारायचं, प्यादं डी५ वर पुढे सरकवायचं, किंवा काहीच न करता ताण तसाच ठेवायचा. नवशिका लगेच मारतो, कारण ताण सोसवत नाही. मारलं की काळ्याची चिंता संपते. जाणता खेळाडू ताण ठेवतो आणि वजिराच्या बाजूचा घोडा बी१, डी२, एफ१, जी३ असा सावकाश वळसा घालून राजाच्या बाजूला आणतो. चार घरांचा हा प्रवास त्याला परवडतो, कारण काळा ई५ला बांधलेला आहे.

हा दाब किती गुदमरवणारा होऊ शकतो ते पाहायचं असेल तर १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमधला कार्पोव विरुद्ध उन्त्सिकर हा डाव जरूर खेळून बघा. कार्पोवनं डी५ टाकून मध्य बंद केला, ए-पट्टी उघडली. दोघांचेही हत्ती त्या पट्टीवर यायला बघत होते. चोविसाव्या चालीला कार्पोवनं उंट उचलून ए७ वर, काळ्याच्या घरात खोलवर ठेवला. मारलं काहीच नाही, शह नाही, धमकी नाही. उंट फक्त बूच होऊन बसला. त्याच्यामागे पांढऱ्यानं निवांत हत्ती एकापाठोपाठ उभे केले, आणि मग राजाच्या बाजूला हल्ला सुरू केला. उंट कधी हलेल आणि पट्टी कधी उघडेल ह्या काळजीत काळ्याची सगळी फौज खिळून राहिली. शेवटी तो उंटाविना, हत्तींविना, नुसत्या जागेअभावीच हरल्यासारखा हरला.

आता दुसरं उत्तर. ठाणं राखत बसण्यापेक्षा मी प्यादं देतो, पण पुढाकार माझ्याकडे येऊ दे. हे मार्शल आक्रमण. काळा सातव्या चालीला डी६ ऐवजी आधी किल्लेकोट करतो, पांढरा सी३ खेळतो, आणि काळा धाडकन डी५! मारामारी होते, पांढऱ्याला ई५चं प्यादं मिळतं. पण हिशेब पाहा. पांढऱ्याचा राजाजवळचा घोडा मारामारीत गेला, हत्ती ई५ वर एकटा बाहेर आलाय, आणि वजिराच्या बाजूची मोहरी अजून झोपलेली आहेत. काळ्याचा वजीर आणि दोन उंट पांढऱ्याच्या राजाकडे तोंड करून उभे.

फ्रँक मार्शलनं हे १९१८ मध्ये न्यूयॉर्कला कापाब्लांकाविरुद्ध वापरलं. वर्षानुवर्षं त्यानं हे शस्त्र खास कापाब्लांकासाठी लपवून ठेवलं होतं अशी कथा सांगतात. कथा रंगवलेली असावी असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. पण डाव मात्र खरा आहे. कापाब्लांकाच्या लक्षात आलं की समोरून तयारीची तोफ डागली जातेय. त्याच्याकडे पाठांतर काहीच नव्हतं, पटावर बसून त्यानं एकेक हल्ला परतवला आणि जिंकला. तरीही मार्शलची कल्पना टिकली. पुढे अकराव्या चालीला घोडा मागे घेण्याऐवजी प्यादं सी६ ही चाल आली आणि हल्ला भक्कम झाला.

मार्शलची गंमत अशी की तो न खेळताही काम करतो. काळ्यानं सातव्या चालीला नुसता किल्लेकोट केला की पांढऱ्याला प्रश्न पडतो, हा मार्शल खेळणार की काय? मग तो सी३ टाळून ए४ किंवा एच३ खेळतो. १९९३ च्या लढतीत कास्पारोवसारख्या आक्रमक जगज्जेत्यानंही शॉर्टविरुद्ध ए४चाच रस्ता धरला. न डागलेली तोफही शत्रूची वाट बदलू शकते, ह्यालाच आपण जरब म्हणतो.

तिसरं उत्तर : मी ई५ राखण्यापेक्षा ई४च खातो. हे उघडं स्पॅनिश. पाचव्या चालीला पांढऱ्यानं किल्लेकोट केला तेव्हा ई४ बिनजोरी राहिलं. काळ्याचा घोडा ते खातो. काळ्याला ते प्यादं फार काळ पचत नाही, पांढरा डी४ टाकून वसुली करतो. पण ह्या गडबडीत काळ्याच्या मोहऱ्यांना मोकळी हवा मिळते, घोडा पटाच्या मध्यावर, डी५ वर प्यादं, ई६ वर उंट. बंद प्रकारात गुदमरणाऱ्या खेळाडूंना हे आवडतं. धोका हा की दारं-खिडक्या उघड्या आहेत, आणि काळ्याचा राजा बराच वेळ मध्येच असतो.

हा धोका आपण भारतीयांनी पाहिलेला आहे. १९९५, न्यूयॉर्क, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा १०७वा मजला. विश्वनाथन आनंद विरुद्ध गॅरी कास्पारोव. पहिले आठ डाव बरोबरीत. नववा आनंदनं जिंकला! सगळ्या देशाच्या आशा उंचावल्या. दहाव्या डावात आनंद काळी मोहरी घेऊन उघडं स्पॅनिश खेळला, सहाव्या डावात ह्याच रस्त्यानं बरोबरी झाली होती. पण चौदाव्या चालीला कास्पारोवनं उंट सी२ वर नेला. ही तयारी घरून आलेली होती. काळ्याचा वजीर सी३चं प्यादं खातो, मग पांढरा घोडा बी३, आणि पुढे ए१चा अख्खा हत्ती सोडून वजीर जी४ वर. हत्ती आनंदनं घेतला, पण त्याचा राजा ई८ वरच होता. हल्ला थोपला नाही. तो डाव गेला, आणि लढतीचं पारडंही त्या आठवड्यात फिरलं. अखेर कास्पारोव १०.५–७.५ असा जिंकला. उघड्या पटावर एका चालीच्या वेळेची किंमत एका हत्तीएवढी असू शकते, हे त्या डावात दिसलं.

चौथं उत्तर सर्वांत थंड डोक्याचं. प्रश्नच मिटवून टाकायचा. बर्लिन बचाव. काळा ए६ खेळतच नाही, तिसऱ्या चालीलाच घोडा एफ६. पांढऱ्याचा किल्लेकोट, काळा ई४ खातो, पांढरा डी४, घोडा डी६ वर मागे. उंट घोडा मारतो, डी-प्यादं उंट मारतं, पांढरा ई५ खातो, घोडा एफ५ वर, आणि आठव्या चालीला वजिरावजिरी. काळ्याच्या राजालाच वजीर मारावा लागतो, म्हणजे त्याचा किल्लेकोटाचा हक्क गेला. सी-पट्टीवर काळ्याची दोन प्यादी एकामागे एक. वरवर पाहता पांढरा सुखात. पण वजीरच नाहीत, तर मध्यावरच्या राजाला भीती कुणाची? काळ्याकडे दोन्ही उंट आहेत आणि कुठेही भगदाड नाही.

हा बचाव १९व्या शतकापासून माहीत होता, पण कंटाळवाणा म्हणून कोपऱ्यात पडला होता. २००० साली लंडनमध्ये व्लादिमीर क्रामनिकनं तो कास्पारोवपुढे काढला. कास्पारोवची ताकद कशात? वजीर पटावर असताना, घरून आणलेल्या तयारीनिशी, वादळी हल्ल्यात. क्रामनिकनं त्याला अशा मैदानात नेलं जिथे वजीरच नव्हता. त्या लढतीत चार डावांत बर्लिन झाला, चारही बरोबरीत. कास्पारोवला पंधरा डावांत एकही विजय मिळाला नाही. ८.५–६.५ असा निकाल लागला आणि जगज्जेता बदलला. शत्रूशी कुठे लढायचं हे आपण ठरवावं, हे तत्त्व आम्ही व्याख्यानांत ऐकायचो, क्रामनिकनं ते आठ चालींत करून दाखवलं.

पण ही भिंत म्हणजे बरोबरीची हमी नव्हे. २०१४ मध्ये सोचीला, अकराव्या डावात, एका गुणानं मागे असलेला आनंद कार्लसनविरुद्ध काळ्यानं बर्लिन खेळला. त्याला जिंकण्याची गरज होती. त्यानं बी५ टाकून वजिराच्या बाजूला हालचाल उभी केली, पुढे उंटाच्या बदल्यात हत्तीही दिला. कार्लसन डगमगला नाही, डाव जिंकला आणि किताब राखला. भिंत बचावासाठी उत्तम असते, पण तिच्याआडून बाहेर पडायचं झालं की गणित बदलतं.

आता आमच्या मुलीकडे येऊ. तिच्यासमोरच्या मुलानं चौथ्या चालीला उंटानं घोडा मारला. म्हणजे काय केलं? दाब ठेवण्याऐवजी पांढऱ्यानं स्वतःच प्रश्न सोडवून टाकला. ह्याला अदलाबदलीचा प्रकार म्हणतात. ई५चं प्यादं पडत नाही, हे आपण मघाशी पाहिलं. मग पांढऱ्याला मिळालं काय? काळ्याची सी-पट्टीवरची जोडप्यादी. पुढे मध्यावरची प्यादी मारली गेली की राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार विरुद्ध काळ्याची तीन. वजिराच्या बाजूला काळ्याची चार विरुद्ध तीन, पण त्यातली दोन एकाच पट्टीत अडकलेली, त्यांना पुढे मोकळी वाट काढता येत नाही. सगळी मोठी मोहरी उचलून फक्त राजे आणि प्यादी ठेवली तर पांढरा जिंकण्याच्या वाटेवर असतो. आणि काळ्याला मिळालं काय? दोन्ही उंट आणि मोकळे कर्ण. म्हणजे योजना सरळ आहे. पांढऱ्यानं मारामारी करत जायचं, काळ्यानं उंट जपायचे, मोहरी पटावर ठेवायची, डाव उघडायचा.

१९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लास्करला कापाब्लांकाविरुद्ध विजय हवाच होता. सगळ्यांना वाटलं काहीतरी तिखट काढेल. त्यानं हा शांत प्रकार काढला! जिंकायचं असेल तर काळ्याला आता उंट घेऊन पुढे यावं लागणार होतं, कापाब्लांका ते करेना. लास्करनं प्यादं एफ५ वर टाकलं, घोडा ई६ वर नेऊन रुतवला आणि डाव जिंकला. स्पर्धाही अर्ध्या गुणानं जिंकली. पुढे १९६६ च्या हवाना ऑलिंपियाडमध्ये फिशरनं पाचव्या चालीला किल्लेकोट करून ह्याच प्रकारानं पोर्तिश आणि ग्लिगोरिच यांना हरवलं. तेव्हा त्या मुलाची चाल चुकीची नव्हती. तिला तिथे पंधरा चालींची गरज नव्हती. एक वाक्य पुरलं असतं : "माझे उंट जपायचे, मारामारीची घाई करायची नाही." हे मी तिला सांगितलं. पुढच्या वेळी असाच डाव आला तेव्हा ती वीस मिनिटं बसली नाही, दोन मिनिटांत खेळायला लागली. तो डाव बरोबरीत सुटला, आणि घरी जाऊन तिनं तो वडिलांना पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितला. मला त्यातच आनंद.

इथे एका माणसाची आठवण करायलाच हवी. मीर सुलतान खान, पंजाबचे. ते आपल्या देशी नियमांनी बुद्धिबळ शिकले, जिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. म्हणजे ई४–ई५ ही सुरुवातच तिथे नाही! १९२९ मध्ये ते इंग्लंडला गेले, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही. हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकालाही हरवलं. पुस्तकी सुरुवातींचं पाठबळ त्यांच्यापाशी नावापुरतंच होतं. जागा, ताण आणि डावाची अखेर ह्यांची समज मात्र पक्की होती. पुस्तकं वाचू नका असं मी म्हणत नाही. पण समज आधी, पाठांतर तिच्या मागून.

मग अभ्यास कसा करायचा? स्पॅनिश खेळताना प्रत्येक चालीआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला, ई५चं प्यादं आत्ता खरंच पडतंय का, म्हणजेच ई४ला जोर आहे का? दुसरा, पांढऱ्याला डी४ आणि काळ्याला डी५ कधी जमेल? काळ्याला डी५ सुखरूप टाकता आलं तर समजा त्याचं बहुतेक दुखणं बरं झालं. तिसरा, कुठलं मोहरं कुणी जपायचं? बंद प्रकारात पांढऱ्याचा बी३–सी२चा उंट जपायचा, अदलाबदलीत काळ्याचे दोन्ही.

काळ्यानं चार उत्तरांपैकी एकच निवडावं आणि तीन महिने तेच खेळावं. स्वभाव पाहून निवडा. धीर असेल तर ब्रेयर, हात शिवशिवत असतील तर मार्शल, मोकळी हवा लागत असेल तर उघडं स्पॅनिश, डोकं थंड असेल तर बर्लिन. त्या प्रकारातले दहा जुने डाव पटावर हातानं खेळून बघा, स्क्रीनवर बोटानं सरकवून नव्हे. प्रत्येक चालीला "का?" असं मोठ्यानं विचारा आणि मराठीत उत्तर द्या. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला असा की नाशिकला, घरात कुणीतरी ऐकणारं असेलच. उत्तर देता आलं नाही तिथे खूण करा. संगणक उघडायचा तो त्यानंतर, आणि फक्त खूण केलेल्या जागांसाठी.

आणि ताण आला की लगेच मारामारी करून मोकळं होऊ नका. ताण सुटल्यावर कुणाचं भलं होणार, एवढं आधी मोजा. आपलं होत असेल तर मारा, नाहीतर घोडा सावकाश डी२ वर आणा.